आकाश शिकायची सुरुवात: आधी कोन, मग घड्याळ, दुर्बीण शेवटी

खगोलशास्त्राची पहिली ओळख बहुतेकांना सूर्यमालेच्या रंगीत तक्त्यातून होते. मध्ये सूर्य, बाजूला ओळीनं ग्रह. तो तक्ता डोक्यात ठेवून रात्री बाहेर आलं की गोंधळ उडतो, कारण आकाशात कोण जवळ आणि कोण लांब हे डोळ्यांना कळतच नाही. कळते ती फक्त दिशा. तारा क्षितिजापासून किती वर आहे, शेजारच्या ताऱ्यापासून किती अंशांवर आहे आणि तासाभरात कुठे सरकला, एवढंच आपल्याला मोजता येतं. सतराव्या शतकात दुर्बीण आली, तोवर ग्रहगणित आणि पंचांग एवढ्याच मोजमापांवर उभं होतं. म्हणून शिकतानाही कोन आणि वेळ आधी हातात बसवावी. महागडी दुर्बीण चार रात्रींनंतर माळ्यावर जाते, ती बहुतेक वेळा याच पायऱ्या गाळल्यामुळे.

हाताचा कोनमापक

हात खांद्यापासून पूर्ण ताणा, एक डोळा मिटा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं मिळून ५ अंश, मूठ १० अंश, आणि ताणलेली वीत (अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत) २० ते २५ अंश. लहान मुलाची मूठ लहान असते, पण हातही आखूड असतो, त्यामुळे हिशोब त्यालाही जवळपास लागू पडतो.

हे आकडे सरासरीचे आहेत. स्वतःच्या मुठीचं माप एकदा काढून ठेवा. क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या बिंदूपर्यंत, म्हणजे खस्वस्तिकापर्यंत, मुठीवर मूठ ठेवत जा. ९० अंशांत नऊ मुठी बसायला हव्यात. आठच बसल्या तर तुमची मूठ सव्वाअकरा अंशांची. इथे एक चूक हमखास होते: हात वर जाऊ लागला की कोपर नकळत वाकतं, मूठ डोळ्याजवळ येते आणि मोठी दिसू लागते. त्यामुळे मुठी कमी भरतात. कोपर ताठ ठेवून पुन्हा मोजा.

पडताळणीसाठी सप्तर्षी उत्तम. चौकोनाच्या, शेपटापासून लांबच्या कडेचे दोन तारे, क्रतू आणि पुलह, एकमेकांपासून सुमारे साडेपाच अंशांवर आहेत. क्रतू ते अत्री (चौकोनाला शेपूट जिथे जोडलं आहे तो तारा) सुमारे १०, आणि क्रतूपासून शेपटाच्या टोकाचा मरीची जवळपास २६ अंश. सप्तर्षी दिसत नसतील तर मृग घ्या. बाणाचे तीन तारे मिळून पावणेतीन अंश, तांबडा काक्षी ते निळसर राजन्य साडेअठरा अंश.

आता चंद्रावर करंगळी धरून पाहा. तो पूर्ण झाकला जातो आणि तरी जागा उरते, कारण त्याचा व्यास फक्त अर्धा अंश आहे. उगवतीचा चंद्र प्रचंड वाटतो तेव्हाही हेच माप येतं. खरं तर क्षितिजावर असताना तो आपल्यापासून काही हजार किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणून मापानं किंचित लहानच भरतो. मोठेपणा हा नजरेचा भ्रम आहे.

ध्रुवतारा सापडला की अक्षांश सापडला

सप्तर्षीतल्या पुलहकडून क्रतूकडे रेघ काढा आणि ती त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. तिथे एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसतो तो ध्रुव. इथे बरेच जण फसतात, कारण ध्रुव सर्वांत तेजस्वी असणार अशी समजूत असते. तेजाच्या क्रमवारीत तो पहिल्या चाळीसातही बसत नाही. त्याचं महत्त्व जागेमुळे आहे: पृथ्वीचा आस उत्तरेला जिथे रोखलेला आहे त्या बिंदूपासून तो एका अंशापेक्षाही जवळ आहे.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजा. जेवढे अंश येतील तेवढा तुमचा अक्षांश. विसाव्या अक्षांशावर दोन मुठी, चाळिसाव्यावर चार. विषुववृत्ताजवळ तो क्षितिजाच्या धुरकट थरात बुडतो. दक्षिण गोलार्धात ध्रुव दिसत नाही. तिथे त्रिशंकू या क्रॉसच्या आकाराच्या तारकासमूहाचा लांब आस त्याच्या लांबीच्या साडेचारपट पायाच्या दिशेनं वाढवला की आकाशाचा दक्षिण ध्रुव येतो. त्या जागी ठळक तारा नाही.

पूर्व-पश्चिम हवी असेल तर मृगाच्या बाणातला सर्वांत आधी उगवणारा तारा लक्षात ठेवा. तो खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या, आकाशातल्या रेषेला) अगदी चिकटून आहे, त्यामुळे पृथ्वीवर जवळजवळ कुठूनही नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो.

भिंत आणि घड्याळ

आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. पण तारे रोज त्याच वेळी त्याच जागी येत नाहीत. हे वाचण्यापेक्षा मोजून पाहावं. घड्याळाशिवाय साहित्य काहीच लागत नाही.

दक्षिण गोलार्धात असाल तर उत्तरेकडे, नाहीतर दक्षिणेकडे बघणारी एखादी जागा निवडा, जिथून लांबच्या इमारतीची उभी कड दिसते. बसायची जागा पक्की करा आणि डोकं कशाला तरी टेकवा. एक ठळक तारा त्या कडेमागे कधी जातो ती वेळ सेकंदासह लिहा. दुसऱ्या दिवशी तिथेच बसा. तारा चार मिनिटं आधीच गडप होतो. पाच दिवसांनी सुमारे वीस मिनिटं आधी.

डोकं टेकवायला सांगितलं त्याचं कारण हिशोबात आहे. कड १० मीटरवर असेल आणि डोकं ४ सेंटीमीटर बाजूला सरकलं, तर पाव अंशाच्या आसपास चूक होते, म्हणजे जवळपास एक मिनिट. मोजायची आहेत चारच मिनिटं, त्यात एक अशी गेली तर प्रयोगाला अर्थ राहत नाही. कड ५० मीटरवर घेतली की हीच चूक दहा-बारा सेकंदांवर येते. चंद्र किंवा ग्रह मात्र घेऊ नका, त्यांची स्वतःची चाल असते.

चार मिनिटं येतात कुठून? पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते. तेवढ्यात ती सूर्याभोवतीही सुमारे एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी एक अंश वळावं लागतं. तो एक अंश म्हणजे चार मिनिटं. महिन्यात हे दोन तास होतात, वर्षात पूर्ण फेरी. डिसेंबरात रात्रभर दिसणारा मृग जूनमध्ये सूर्यासोबत दिवसा वर असतो, तो यामुळेच.

तारकानकाशा वापरताना हाच नियम कामी येतो. १५ तारखेच्या रात्री ९ चा नकाशा महिनाअखेरीस रात्री ८ ला जुळतो आणि महिन्याच्या सुरुवातीला रात्री १० ला. नकाशात पूर्व डावीकडे छापलेली दिसली तर तो छापखान्याचा दोष समजू नका. नकाशा डोक्यावर, छापील बाजू खाली करून धरायचा असतो. तसा धरला की दिशा जुळतात.

चंद्राचा रस्ता

सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेनं सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. चंद्र आणि ग्रहही याच वाटेच्या आजूबाजूला राहतात. वाटेवरच्या खुणा पाठ करून ठेवाव्यात: कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. एवढी पाच नक्षत्रं ओळखता आली की कुठल्याही रात्री क्रांतिवृत्ताचा अंदाज बांधता येतो. चंद्राची कक्षा या वाटेला सुमारे ५ अंश तिरकी आहे, त्यामुळे तो कधी थोडा वर, कधी खाली जातो. पहिल्या प्रतीच्या, म्हणजे अगदी ठळक ताऱ्यांपैकी रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे चारच तारे त्याच्या पट्ट्यात येतात आणि अधूनमधून त्याच्यामागे झाकले जातात. याला पिधान म्हणतात. तारा हळूहळू मंद होत नाही, दिवा बंद केल्यासारखा एका क्षणात जातो. चंद्राला वातावरण जवळपास नाही, याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

लागोपाठ आठ-दहा रात्री ठरलेल्या वेळी चंद्राची जागा दोन ताऱ्यांच्या आधारानं वहीत काढा. तो रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो: एक मूठ आणि वर दोन-तीन बोटं. ३६० अंशांचे २७ भाग केले की प्रत्येकी १३ अंश २० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) येतात, आणि नक्षत्रचक्रातल्या एका नक्षत्राचं माप नेमकं तेच आहे. तासाभरात चंद्र स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. शेजारी एखादा तारा असेल तर बायनॉक्युलरमधून हे तासात स्पष्ट कळतं.

या सरकण्यामुळे चंद्र सरासरी ५० मिनिटं रोज उशिरा उगवतो. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. क्रांतिवृत्त क्षितिजाशी कधी उभं, कधी आडवं असतं, त्यामुळे एखाद्या रात्री फरक अर्ध्या तासाच्या आसपास असतो, दुसऱ्या वेळी तासाहून जास्त. तुमच्या वहीत ५० येत नसतील तर वही चुकली असं लगेच धरू नका.

तिथी हे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचंच माप आहे: दर १२ अंशांना एक. शुक्ल पंचमी चालू असताना चंद्र सूर्यापासून ४८ ते ६० अंश पूर्वेला असतो. सूर्य मावळला त्या जागेपासून क्रांतिवृत्तावर पाच ते सहा मुठी मोजल्या की चंद्र. त्याच अंशांना १५ नं भागा: सूर्यास्तानंतर अंदाजे साडेतीन-चार तासांनी तो मावळणार. अष्टमीला हा कोन ९० च्या आसपास, म्हणून अर्धा चंद्र संध्याकाळी माथ्याकडे आणि मध्यरात्रीच्या सुमारास अस्ताला.

चंद्राच्या कला, म्हणजे त्याचं रोज वाढत-घटत दिसणं, पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ही समजूत चिवट आहे. ती घालवायला एक पांढरा चेंडू पुरतो. उन्हं असताना चंद्रही आकाशात दिसतो अशी वेळ निवडा, अष्टमीच्या आसपासची दुपार सोयीची. चेंडू उन्हात, चंद्राच्या दिशेनं, हातभर अंतरावर धरा. चेंडूवर उजेड आणि अंधार यांची जी रेषा पडेल, ती चंद्रावरच्या रेषेसारखीच वाकलेली आणि त्याच बाजूला झुकलेली असेल. दोघांवर प्रकाश त्याच सूर्याचा, त्याच दिशेनं येतो. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात, आणि दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही ते वर सांगितलेल्या ५ अंशांच्या तिरकेपणामुळे.

प्रत: आकडा मोठा, तारा मंद

ताऱ्याचं दिसणारं तेज प्रतीत मोजतात आणि मोजपट्टी उलटी आहे. पहिली प्रत ठळक, सहावी जेमतेम दिसणारी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट, म्हणून एका प्रतीला सुमारे अडीच पट. हे गणित नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये मांडलं. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. अतितेजस्वी गोष्टी शून्याच्या खाली जातात: व्याध उणे १.४६, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७.

नकाशात आहे पण आकाशात नाही, अशी तक्रार बहुधा इथे सुटते. तुमचं आकाश कितव्या प्रतीपर्यंत दाखवतं ते आधी ठरवा. सप्तर्षीत अत्री बाकीच्यांपेक्षा मंद, ३.३ प्रतीचा. तो दिसला नाही तर चौथ्या प्रतीचे तारे शोधण्यात रात्र घालवू नका. ध्रुवमत्स्याच्या (ध्रुव ज्यात आहे त्या तारकासमूहाच्या) चौकोनाचे चार तारे तर अनुक्रमे जवळपास २, ३, ४ आणि ५ प्रतीचे आहेत. कितवा दिसतो तेवढं बघितलं की झालं. मोठ्या शहरात मर्यादा ३ ते ४, खऱ्या अंधारात ६.

डोळ्यांना अंधार सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा क्षणभर पाहिला तरी ती मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल कागद गुंडाळा, तोही इतका की उजेडात नकाशा जेमतेम वाचता येईल. भडक लाल दिवा पांढऱ्याइतकाच त्रास देतो. मंद वस्तू पाहताना नजर तिच्या किंचित बाजूला ठेवा: डोळ्याच्या मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशी नसतात, कडेला असतात.

ग्रह ओळखताना

नकाशात नसलेला, क्रांतिवृत्ताजवळचा, न लुकलुकणारा ठळक बिंदू दिसला की तो बहुधा ग्रह. तारे इतके लांब आहेत की ते बिंदूच राहतात आणि हवेच्या प्रत्येक हालचालीनं थरथरतात. ग्रहाची छोटी चकती असते, तिच्या वेगवेगळ्या भागांची थरथर एकमेकांना भरून काढते. पण क्षितिजालगत हवेचा थर एवढा जाड असतो की तिथे ग्रहही लुकलुकतात. वीसेक अंश वर येईपर्यंत निकाल देऊ नका.

शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही आणि बुध २८ च्या पुढे नाही. मध्यरात्री माथ्यावर दिसणारा तेजस्वी ग्रह त्यामुळे शुक्र असूच शकत नाही, तो गुरू असतो, क्वचित मंगळ. गुरूची फेरी १२ वर्षांची, म्हणजे राशीत वर्षभर मुक्काम. शनीची साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे राशीत अडीच वर्षं. मंगळाची जागा आठवड्यातून एकदा दोन ताऱ्यांच्या संदर्भात काढत राहिलात तर दर २६ महिन्यांनी तो काही आठवडे उलटा, पश्चिमेकडे सरकताना सापडेल. तो वक्री होतो म्हणजे मागे फिरत नाही. आतल्या कक्षेतून जास्त वेगानं जाणारी पृथ्वी त्याला मागे टाकत असते.

अंतरं

आता सुरुवातीचा तो सूर्यमालेचा तक्ता दुरुस्त करू. सूर्य १० सेंटीमीटरचा चेंडू धरा. पृथ्वी पावणेअकरा मीटरवर, एक मिलिमीटरहून लहान कण. चंद्र त्या कणापासून पावणेतीन सेंटीमीटरवर. गुरू एक सेंटीमीटरचा, ५६ मीटरवर. नेपच्यून ३२० मीटरच्या थोडा पुढे. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, सुमारे २,९०० किलोमीटरवर. कागदावर आकार आणि अंतर दोन्ही प्रमाणात काढणं अशक्य का आहे, हे यावरून कळावं.

म्हणून प्रकाशाच्या वेळेत मोजतात. चंद्रावरून प्रकाश सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून ८ मिनिटं १९ सेकंदांत, प्रॉक्झिमावरून ४.२४ वर्षांत, व्याधावरून ८.६ वर्षांत. देवयानी या आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिकेतून येणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो, आणि अंधाऱ्या जागेवरून तो पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे (९.४६ लाख कोटी किलोमीटर), काळाचं नव्हे.

शेवटी उपकरण

पहिलं उपकरण १० × ५० किंवा ७ × ५० बायनॉक्युलर. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहापटींपेक्षा जास्त वर्धन हातात स्थिर राहत नाही, स्टँड लागतो. कोपरं छातीला टेकवा किंवा आरामखुर्चीत पडून बघा. कृत्तिकेतले डझनावारी तारे, मृगातला तेजोमेघ, चंद्राची विवरं, गुरूचे चार चंद्र एवढं यात नीट दिसतं. शनीची कडी दिसणार नाहीत. त्यांना किमान २५-३० पट वर्धन हवं.

चंद्र पौर्णिमेला पाहू नका. समोरून पडलेल्या प्रकाशात सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात.

सूर्याकडे कोणतंही भिंग रोखू नका. एका क्षणात डोळा कायमचा जातो आणि वेदना होत नाही, म्हणून कळतही नाही. जुनी एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गडद गॉगल हे निरुपयोगी आहेत. ते उजेड कमी करतात, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (उष्णतेचे) किरण अडवतीलच असं नाही. डोळ्याकडच्या भिंगावर बसवायचा छोटा सौर फिल्टर दुर्बिणीसोबत आला तर वापरू नका, एकवटलेल्या उष्णतेनं तो तडकतो. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसतो. सुरुवातीला पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडून कागदावर सूर्याची प्रतिमा घेणं पुरे आहे.

दुर्बीण घेताना खोक्यावरचा वर्धनाचा आकडा सोडा आणि व्यास विचारा. उपयोगी वर्धनाची मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर ४५० पट लिहिलं असलं तरी १२० नंतर प्रतिमा नुसती मोठी आणि धुरकट होते. वर्धन म्हणजे मुख्य भिंगाचं किंवा आरशाचं नाभीय अंतर (तिथून प्रकाश एकवटतो त्या बिंदूपर्यंतचं) भागिले नेत्रिकेचं, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचं, नाभीय अंतर. १,२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ ची नेत्रिका लावली की ४८ पट, १० ची लावली की १२० पट. स्टँड डळमळीत असेल तर चांगली काचही वाया जाते.

काहीच दिसत नाही, ही पहिल्या रात्रीची तक्रार. शोधक दुर्बीण (मुख्य नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी अर्धा किलोमीटर लांबच्या खांबावर मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्या, सूर्यापासून दूरच्या दिशेला. रात्री आधी सर्वांत मोठ्या आकड्याची नेत्रिका लावा, कारण तिच्यात आकाशाचा मोठा तुकडा मावतो. घरातून काढलेली दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. आरसा गरम असेपर्यंत नळीत हवा उसळते आणि ग्रह उकळताना दिसतात. दुर्बीण थंड झाल्यावरही तारे खदखदत असतील तर वरची हवा अस्थिर आहे, त्या रात्री वर्धन कमी ठेवा.

लक्ष्य क्षेत्रातून, म्हणजे नेत्रिकेत दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यातून, निसटत असेल तर दुर्बीण बिघडलेली नाही. १०० पट वर्धनात क्षेत्र साधारण अर्ध्या अंशाचं असतं आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा ते दोन मिनिटांत ओलांडतो. याचाच उपयोग करून प्रत्येक नेत्रिकेचं क्षेत्र मोजून ठेवा: मृगाच्या बाणातला सर्वांत आधी उगवणारा तारा एका कडेला आणा, दुर्बीण सोडून द्या, तो क्षेत्राच्या मधून समोरच्या कडेपर्यंत किती मिनिटांत जातो ते बघा आणि त्याला चारनं भागा. उत्तर अंशात येतं. ते नेत्रिकेच्या डबीवर लिहून ठेवा.